कानस ते संगणक : वाशीम जिल्ह्यातील यंत्र व धातुकौशल्य शिक्षणाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

वाशीम जिल्ह्यातील तंत्रशिक्षणाचा इतिहास लिहावयास बसले की पहिलीच अडचण अशी येते की हा जिल्हाच ९३ वर्षे अस्तित्वात नव्हता. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. त्या वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता. बाशीम, मंगरूळ आणि पुसद हे त्याचे तालुके. १९०५ मध्ये तो मोडण्यात आला. बाशीम व मंगरूळ अकोल्यास जोडले गेले, पुसद यवतमाळकडे गेला. पुढे १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन आजचा सहा तालुक्यांचा वाशीम जिल्हा निर्माण झाला.

ही प्रशासकीय हकीकत येथे सांगण्याचे कारण आहे. तंत्रशिक्षणाच्या संस्था प्रथम जिल्ह्याच्या ठिकाणी निघतात आणि तालुक्याच्या गावी उशिरा पोहोचतात. विसावे शतक हे भारतातील तंत्रशिक्षणाच्या घडणीचे शतक. नेमके तेच शतक वाशीमने तालुक्याचे गाव म्हणून काढले. संगणकनियंत्रित यंत्रांचे, म्हणजे ज्याला आपण सर्वजण ‘सीएनसी’ म्हणतो त्याचे, शिक्षण या जिल्ह्यात का रुजत नाही याची चर्चा बहुधा निधी, इमारत आणि रिक्त पदे यांपाशीच थांबते. प्रस्तुत निबंधाचे म्हणणे थोडे निराळे आहे. यंत्रकौशल्य हे वर्गात सुरू होत असले तरी आसपासच्या कामावर जगते, आणि नवे यंत्र तर या बाबतीत जुन्यापेक्षा अधिक परावलंबी आहे.

लोहाराचा भाता आणि जिनिंगचा फिटर

विदर्भाला धातुकामाची परंपरा नाही, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांनी केलेल्या उत्खननात महापाषाणयुगीन वस्तीबरोबर लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. म्हणजे कच्च्या धातूपासून लोखंड करण्याची विद्या या प्रदेशात अडीच हजार वर्षांहून जुनी आहे. मध्ययुगात व पुढे गावगाड्यातील लोहार हा तिचा वारस. वखराची पास, नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड ही त्याची कामे. भाता, ऐरण, घण आणि सांडस ही त्याची साधने.

त्याचे ज्ञान मात्र केवळ घण मारण्याचे नव्हते. पोलादाला पाणी देताना तापलेल्या पात्यावर येणारा रंग तो पाहत असे. पिवळसर गवती रंग साधारण सव्वादोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास येतो, निळा तीनशेच्या सुमारास. पहिल्यात पाते अधिक कठीण राहते पण ठिसूळही, दुसऱ्यात चिवटपणा वाढतो. आज धातुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ‘टेंपरिंग’ या मथळ्याखाली जे तक्त्यात असते, ते लोहाराच्या डोळ्यांत होते. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जाई आणि जातीच्या कुंपणात राही, ही त्याची मर्यादा विसरून चालणार नाही. गावोगाव फिरणाऱ्या घिसाडी समाजाकडेही हीच विद्या होती, पण तिला शाळेत कधी जागा मिळाली नाही.

यंत्र या भागात आले ते कापसाच्या पाठोपाठ. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या काळात वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली. १८६७ मध्ये जी. आय. पी. रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. ही लोहमार्गाची मुख्य रेषा अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी गेली आणि बाशीम तिच्या दक्षिणेस बाजूला राहिले. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अरुंद मार्ग कारंजावरून नेण्यात आला. लोक ज्या गाडीला ‘शकुंतला’ म्हणत, तिला १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन ओढीत असे. (ही गाडी पुढे बंद पडली; तिच्याविषयीचा जिव्हाळा मात्र कारंजात अजून ऐकू येतो.)

जिनिंग व प्रेसिंगच्या कारखान्यांनी वऱ्हाडात एक नवा माणूस घडविला, तो म्हणजे फिटर. दोन रोलरच्या जिनमध्ये कातडी चकत्यांचे रोलर असतात. ते झिजतात, त्यांच्यावरील खाचा बुजतात, सुऱ्यांची धार जाते. हंगाम संपला की पावसाळ्याच्या महिन्यांत सारे यंत्र उघडून रोलरला पुन्हा खाचा पाडणे, सुऱ्या सरळ करून बसविणे, शाफ्ट व बेअरिंग तपासणे हे काम चाले. हा फिटर कोणत्याही शाळेत शिकलेला नव्हता. तो हंगामात हमाल किंवा तेलवाला म्हणून आत शिरला आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात दुरुस्तीच्या कामावर थांबून राहिला. त्याची नोंद ना प्रमाणपत्रात आहे ना शिक्षणखात्याच्या अहवालात. या जिल्ह्याच्या भूमीवर यंत्रकौशल्याचे पहिले शिक्षण झाले ते असे, आणि ते झाले कारण दरवर्षी न चुकता झिजणारे यंत्र शेजारी होते.

धोरणाचा प्रवास

शासनाच्या पातळीवर पाहता उमेदवारीचा पहिला कायदा १८५० चा. त्याचा रोख मुख्यतः अनाथ व गरीब मुलांनी एखादा धंदा शिकावा यावर होता. हाताचे शिक्षण हे ज्याला दुसरा आधार नाही त्याच्यासाठी, ही समजूत येथपासून कागदावर उतरली आणि आजही दहावीला कमी गुण मिळालेल्या विद्यार्थ्याच्या घरी ती जशीच्या तशी ऐकावयास मिळते. १८८२ च्या हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शिक्षणात शेतीसारख्या व्यवहारोपयोगी विषयांचा समावेश असावा अशी मागणी होती. आयोगानेही शालेय शिक्षणात पुस्तकी व व्यावहारिक असे दोन मार्ग सुचविले. दुसऱ्या मार्गाला विद्यार्थी फारसे मिळाले नाहीत.

मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेथे यंत्ररेखनाचे अध्यापन करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे नोकरी सोडून बेळगावला गेले, सायकलच्या दुकानापासून लोखंडी नांगरापर्यंत आले आणि १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. महाराष्ट्रातील तंत्रशिक्षणाच्या इतिहासात या घटनेला जे महत्त्व द्यावयास हवे ते दिले जात नाही. तेथे आजूबाजूच्या खेड्यांतील माणसे ओतकाम, कातकाम व जोडकाम शिकली, कारण कारखाना आणि शाळा यांत भिंत नव्हती. वऱ्हाडाच्या वाट्याला जिनिंग आले. नांगर, पंप, इंजिन घडविणारा कारखाना वाशीमच्या परिसरात उभा राहिला नाही. दुरुस्ती करणारा हात येथे तयार झाला, घडविणारा झाला नाही.

१९३७ च्या ॲबट–वुड अहवालाने सामान्य शिक्षणाला समांतर अशी व्यवसायशिक्षणाची श्रेणी सुचविली. प्रत्यक्ष हालचाल झाली ती दुसऱ्या महायुद्धामुळे. युद्धसाहित्याच्या कारखान्यांना कारागीर हवे होते, म्हणून मजूर खात्याने तांत्रिक प्रशिक्षणाची योजना हाती घेतली. १९४२ ते १९४६ या काळात हे खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. सैन्यातून परतलेले जवान व नंतर फाळणीचे निर्वासित यांच्यासाठीची ही यंत्रणाच १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजनेत रूपांतरित झाली. आजची प्रत्येक औद्योगिक प्रशिक्षण संस्था, आपली ‘आयटीआय’, या योजनेची अपत्ये होत. १९५६ मध्ये संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. त्याच वर्षी विदर्भ मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. महाराष्ट्रात १९८४ मध्ये व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय वेगळे झाले आणि तालुक्याच्या गावापर्यंत संस्था नेण्याच्या धोरणाला बळ मिळाले.

यातील कळीचा कायदा १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा. संस्थेत पाया आणि कारखान्यात उमेदवारी अशी ही दोन पायांची रचना होती. कायद्याने बंधन घातले ते आस्थापनांवर. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घेणे आवश्यक आहे. नियम चांगला आहे. परंतु ज्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १२ लाख आणि त्यातील पाचांपैकी चार माणसे खेड्यांत, तेथे यंत्रकामाच्या अशा आस्थापना किती असणार? वाशीमचा टर्नर उमेदवारीसाठी वाळूज, भोसरी, चाकणची गाडी धरतो तो हौसेने नव्हे. रचनेचा दुसरा पाय जिल्ह्याबाहेर आहे.

विसरणारे यंत्र

संगणकनियंत्रित यंत्राचा जन्म अमेरिकेतला. हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी अचूक वक्राकार कापण्याची गरज जॉन पार्सन्स यांना भासली. हवाईदलाच्या पैशातून मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत काम होऊन १९५२ मध्ये छिद्रे पाडलेल्या फितीवरून चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. त्याच सुमारास दुसरीही एक पद्धत उपलब्ध होती. कुशल कारागिराने एकदा हाताने काम करावयाचे, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवावयाच्या आणि पुढे यंत्राने त्या तशाच करावयाच्या. ही पद्धत मागे का पडली याचा शोध डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ च्या आपल्या ग्रंथात घेतला आहे. त्यांच्या मते निवड केवळ तांत्रिक नव्हती; कामावरचे नियंत्रण कारागिराकडून आखणी करणाऱ्या कार्यालयाकडे नेण्याची इच्छा तिच्यामागे होती. हे मत सर्वांना मान्य नाही. तथापि आपल्या विद्यार्थ्यांचे पुढे काय होते ते पाहता त्याकडे दुर्लक्ष करणे कठीण आहे. कारखान्यात प्रोग्रामर, सेटर आणि ऑपरेटर अशी उतरंड असते. ‘जी ०१’ म्हणजे ठरलेल्या गतीने सरळ रेषेत कापणे, ‘एम ०३’ म्हणजे स्पिंडल फिरविणे, हे परीक्षेपुरते पाठ केलेला मुलगा तेथे जॉब लावतो, हिरवे बटण दाबतो, जॉब काढतो. बारा तासांत हेच शेकडो वेळा.

दोन वर्षांच्या टर्नर अभ्यासक्रमात पहिले वर्ष हातकामाचे, साध्या लेथचे असते आणि सीएनसी दुसऱ्या वर्षी येते. हा क्रम जुनाट आहे अशी टीका होते. प्रस्तुत लेखकास तो योग्य वाटतो. कानस चालवून ज्याने लोखंडी ठोकळा काटकोनात आणला नाही, त्याला मायक्रोमीटरवरील ०.०१ मिलिमीटरचा अर्थ बोटांत कळत नाही; आणि साध्या लेथवर चिपचा रंग व आवाज ज्याने ओळखला नाही, त्याला कार्बाइड इन्सर्ट मोडण्यापूर्वीची सूचना ऐकू येत नाही.

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षण संस्थेत प्रस्तुत लेखकाने सीएनसी लेथ पाहिला होता. यंत्र नवे होते, वर प्लॅस्टिकचे आच्छादन, पुढे उद्घाटनाची फुलांची माळ वाळून लटकलेली. आधी थ्री-फेजचा दाब पुरेसा नव्हता, मग निदेशक बदलून गेले, मग इन्सर्ट व कूलंटसाठी तरतूद नव्हती. शेवटी सारे जुळले तेव्हा यंत्र सुरूच होईना. अशा यंत्राच्या नियंत्रकात त्याची सर्व मापे व मर्यादा एका स्मृतीत असतात आणि वीज बंद असताना ती स्मृती लहानशा बॅटरीवर टिकते. बॅटरी साधारणतः दरवर्षी बदलावी लागते. ती संपली होती. यंत्र स्वतःला विसरले होते, आणि ते पुन्हा शिकविणारा माणूस शेकडो किलोमीटर दूर होता.

त्याच कर्मशाळेच्या कोपऱ्यात कित्येक वर्षे पडून असलेला साधा लेथ होता. गंज घासून, तेल घालून, पट्टा चढवून मुलांनी तो एका दुपारी चालू केला. जुने यंत्र उपेक्षा सहन करते. नवे यंत्र रोज काम मागते, आणि रोजचे काम देणारा जिनिंगसारखा शेजार नसेल तर त्याची किंमत कितीही असो, ते शोभेची वस्तू होते.

आजचे वळण

२०१८ मध्ये वाशीमचा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समावेश झाला; त्या कार्यक्रमाच्या मोजमापात वित्तीय समावेशन व कौशल्यविकास यांना मिळून १० टक्के भार आहे. १ हजार शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे केंद्र आणि उपकेंद्र अशा पद्धतीने नूतनीकरण करणारी ६० हजार कोटींची पीएम-सेतू योजना ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीररीत्या सुरू झाली. कारंजा व मालेगाव तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण लांबीने खुला आहे. संभाजीनगरचे कारखाने आता काही तासांवर आले. त्या रस्त्याने मुले जाणार हे निश्चित. सुटे भाग बनविण्याचे काम इकडे येईल काय, हे यंत्रखरेदीइतक्याच गांभीर्याने पाहावे लागेल.

जिल्ह्यातील काम मात्र संपलेले नाही, ते केवळ बदलले आहे. कापसाची जागा मोठ्या प्रमाणात सोयाबीनने घेतली आणि जिनऐवजी मळणीयंत्र व रोटाव्हेटर झिजू लागले. एका तालुक्याच्या गावी रस्त्याकडेच्या वर्कशॉपमध्ये प्रस्तुत लेखक हंगामाच्या तोंडावर तासभर बसला होता. मालक आयटीआय झालेला टर्नर, चाकणला चार वर्षे सीएनसीवर काम करून परतलेला. मळणीयंत्राचा झिजलेला शाफ्ट आला. त्याने झिजलेल्या जागेवर वेल्डिंगने भर चढविली, लेथवर ती कातून मूळ मापाला आणली. मूळ माप कोणत्याही कागदावर नव्हते; बेअरिंगचा क्रमांक पाहून आणि शाफ्टच्या न झिजलेल्या टोकाला मायक्रोमीटर लावून त्याने ते ठरविले. “प्रोग्राम कोणीही टाकेल सर, आधी माप तर कळलं पाहिजे,” एवढेच तो म्हणाला.

त्याच्या हाताखाली दोन मुले शिकत होती. चारपेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेला उमेदवार नोंदविण्याची मुभा नसल्याने कायद्याच्या दृष्टीने ती शिकाऊ उमेदवार नव्हेत. जिनिंगमधल्या त्या जुन्या फिटरप्रमाणे त्यांचेही नाव कोणत्याच नोंदवहीत नाही. शाफ्ट तयार झाला तेव्हा शेतकरी बाहेर ट्रॅक्टर चालूच ठेवून उभा होता.