पिंगळी ते मक्का: उलटा मोजलेला प्रवास

परभणीहून पूर्णेकडे पॅसेंजरने निघालात तर मध्ये पिंगळी लागतं. छोटं स्टेशन आहे. आजच्या भागात आपण इथून मक्केला जाणार आहोत, तेही १९२१ साली, म्हणजे विमान नाही, गुगल मॅप नाही, आणि पिंगळी ब्रिटिशांच्या हिंदुस्थानात नाही, निजामाच्या हैदराबाद संस्थानात आहे.

हा विषय का घेतला, ते आधी सांगतो. आपल्यातले बरेच जण आता मोठ्या सहली ठरवतात. कुणी उमरा आणि त्याला जोडून इस्तंबूल, कुणी दुबई-लंडन-पॅरिस. मोबाईलवर शहरं टाकायची, अॅप सांगतं साडेतीन तास, सात तास, दोन तास. आपण त्याची बेरीज करतो आणि म्हणतो, जमतंय की! ही बेरीज जवळजवळ नेहमी चुकते. ती कुठे चुकते हे हजच्या जुन्या प्रवासात जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे क्वचित दिसेल.

हजला एक तारीख आहे जी कुणासाठीही हलत नाही. जिलहिज्ज महिन्याची ९ तारीख. त्या दिवशी दुपारनंतर अराफातच्या मैदानावर असावंच लागतं. त्या दिवसाचा सूर्य मावळून पुढची पहाट झाली आणि तुम्ही तिथे पोहोचला नाहीत, तर हज झाला नाही. आयुष्यभराची बचत खर्च झाली, समुद्र ओलांडला, जेद्दाला उतरलात, तरी नाही. पुढच्या वर्षी पुन्हा. म्हणून शहाणा यात्रेकरू घरापासून पुढे मोजायचा नाही, अराफातपासून मागे मोजायचा. आपणही तसंच मोजू. आपला यात्रेकरू पिंगळीचा एक शेतकरी समजा. माणूस कल्पनेतला आहे, मुक्काम खरे आहेत.

१९२१ मध्ये ९ जिलहिज्ज आली ऑगस्टच्या मध्यावर, १४ तारखेच्या आसपास. गर्दी, आजारपण, उन्हाळा धरून मक्केत आठवडाभर आधी तरी पोहोचायला हवं. म्हणजे ऑगस्टचा पहिला आठवडा. जेद्दा बंदर ते मक्का अंतर सत्तर-ऐंशी किलोमीटर, पण ते उंटावरून, साधारण दोन रात्रींचं. उन्हामुळे काफिले रात्री चालायचे. त्याआधी जेद्दात उंट मिळेपर्यंत, मुअल्लिमाचा माणूस भेटेपर्यंत, सामान सुटेपर्यंत काही दिवस जाणार. (मुअल्लिम म्हणजे यात्रेकरूंची सोय लावणारा आणि विधी करून घेणारा तिथला माणूस.) तेव्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जेद्दाला उतरलंच पाहिजे.

आता समुद्र. मुंबई ते जेद्दा आगबोटीने बारा-पंधरा दिवस. पण मध्ये एक थांबा, ज्याचं नाव आज फारसं कुणाला माहीत नाही. कामरान. लाल समुद्रात येमेनच्या किनाऱ्याजवळचं हे छोटं बेट. १८६५ च्या हजमध्ये कॉलरा पसरला, हजारो माणसं गेली आणि ती साथ पुढे युरोपात पोहोचली. त्यानंतर हिंदुस्थानातून येणाऱ्या यात्रेकरूंकडे सगळं जग संशयाने बघू लागलं. १८८२ पासून तुर्कांनी कामरानवर क्वारंटाइन सुरू केलं. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये ते बेट ब्रिटिशांच्या ताब्यात आलं, पण क्वारंटाइन चालूच राहिलं, थेट १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत. बोटीवरून सगळ्यांना उतरवायचं, कपडे वाफेच्या भट्टीत घालायचे, माणसांना तपासायचं. बोटीवर एखाद्याला साथीचा आजार निघाला की सगळ्यांचा मुक्काम लांबला, दहा-दहा दिवस. कोविडच्या काळात विमानतळावरून थेट हॉटेलात कोंडलेल्यांना हे सांगायची गरज नाही.

म्हणजे समुद्र आणि कामरान मिळून तीन आठवडे धरा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुंबई सोडायची. ऐन पावसाळ्यात, खवळलेल्या अरबी समुद्रात, डेकवर. बरेच लोक शिधा घरूनच न्यायचे. बोटीवरचे बरेच खलाशी रत्नागिरी-कुलाब्याकडचे असायचे, त्यामुळे मराठी-कोकणी कानावर पडायची, तेवढाच आधार. मक्केच्या दक्षिणेकडच्या यलमलमसमोर बोट आली की शिट्टी वाजायची आणि पुरुष अंगावरचे कपडे उतरवून इहरामची दोन पांढरी वस्त्रं नेसायचे.

आता मुंबई. माझ्या मते अख्ख्या प्रवासातला सगळ्यात फसवा थांबा हाच. पिंगळीहून मुंबई किती लांब? मनमाडपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटर, पुढे मुंबई अडीचशेच्या वर. गोदावरी खोऱ्यातली ही लाइन १९०० च्या सुमारास झाली, ती मीटर गेज. मनमाडला उतरायचं, पेट्या-बोचकी हमालांकडून पलीकडच्या फलाटावर न्यायची आणि जीआयपीच्या ब्रॉडगेज गाडीत बसायचं. दीड-दोन दिवसांत बोरीबंदर. सोपं वाटतं ना? पण बोटीचं वेळापत्रक गाडीसारखं नव्हतं. कंपनी एक तारीख सांगायची, आणि बोट भरली नाही की ती पुढे ढकलायची. तोवर तुम्ही मुसाफिरखान्यात. रोजचा खर्च चालू. खेड्यातून आलेला माणूस दिसला की तिकिटांचे दलाल भोवती जमायचे, एकाच बोटीचं तिकीट वेगवेगळ्या भावाने विकलं जायचं. या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारने १८८६ मध्ये थॉमस कुक या इंग्रज कंपनीला हज प्रवासाची व्यवस्था दिली. हो, तीच ट्रॅव्हल कंपनी. साताठ वर्षांत ते प्रकरण गुंडाळलं गेलं. साहेबांना युरोप फिरवणं आणि डेकवरच्या गरीब यात्रेकरूची सोय करणं यात फरक होता.

शिवाय मुंबईत यात्रेचा पास काढा, देवीची लस टोचल्याचा दाखला मिळवा. आणि आपल्या माणसासाठी आणखी एक काम, जे नाशिकच्या किंवा पुण्याच्या यात्रेकरूला नव्हतं. पिंगळीत चालायचा निजामाचा हाली सिक्का. मनमाडच्या पलीकडे लागायचा इंग्रजी कलदार. साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार. म्हणजे घरून सातशे रुपये बांधून निघालात तर मुंबईत खिशात सहाशेच आहेत. समुद्र अजून बघितलेला नाही आणि हिशोबातून शंभर रुपये गेले!

मुंबईला दोन आठवडे धरले तर पिंगळी सोडायची जूनच्या मध्यावर. त्या वर्षी रमजान ईद आली ८ जूनच्या आसपास. आणि ७-८ जूनला काय असतं, हे गावाकडच्या पोरांना सांगायला नको. मृग. ईदचा चंद्र आणि मृगाचं नक्षत्र एकाच वेळी. पेरणी तोंडावर आणि माणूस निघाला.

इथे चांद्र वर्षाची गंमत बघा. ते दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं. १९०१ मध्ये हज मार्चच्या अखेरीस होता, म्हणजे निघायचं जानेवारीत, रब्बीची ज्वारी शेतात उभी असताना. १९३७ मध्ये हज फेब्रुवारीत, म्हणजे डिसेंबरात कापूस वेचणी सोडून. शेतकऱ्याला सोयीचं वर्ष नव्हतंच. कुणाच्या तरी हातात शेत देऊनच जावं लागे.

आता बेरीज करा. पिंगळी सोडल्यापासून अराफातपर्यंत सुमारे साठ दिवस. त्यातले प्रत्यक्ष हलण्याचे किती? गाडीचे दोन, बोटीचे बारा-पंधरा, उंटाच्या दोन रात्री. सतरा-अठरा दिवस. उरलेले चाळीसहून जास्त दिवस थांबण्याचे. पैसे, कागद, तपासणी, बोट भरायची वाट, उंटाची वाट. आणि पैसा मुख्यतः तिथेच संपायचा. आपलं अॅप फक्त पहिल्या सतरा दिवसांची बेरीज करतं.

मोगल काळात तर हे आणखी टोकाचं होतं. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ मध्ये हजला निघाली आणि १५८२ मध्ये परतली. सुरतेला पोर्तुगीजांचा परवाना मिळेपर्यंत बरेच महिने अडकली, परत येताना एडनजवळ जहाज फुटलं, तिथे पुन्हा मुक्काम. बादशहाच्या घरची बाई, तरी सात वर्षं.

मग एक प्रश्न उरतो, जो आजही प्रत्येक सहलीत येतो: एवढं आलोच आहोत तर अजून एक ठिकाण करू का? इथे ते ठिकाण म्हणजे मदिना. कुणाला जायचं नसेल? पण मक्का-मदिना अंतर चारशे किलोमीटरच्या वर, उंटावरून जायला दहा-बारा दिवस, यायलाही बहुधा तेवढेच. वाटेत टोळ्यांच्या लुटीची भीती. म्हणजे एका मुक्कामासाठी महिना आणि तेवढाच शिधा. कित्येकांनी पैसे मोजले आणि मदिना न बघताच परतले. त्यांचं दुःख मला कळतं, पण त्यांचा हिशोब बरोबर होता. कारण ज्यांनी तो केला नाही ते जेद्दात अडकले. जायचं तिकीट काढून निघालेले आणि परतीला पैसे न उरलेले यात्रेकरू ही इतकी मोठी अडचण झाली की १९२५ मध्ये कायदाच झाला: परतीचं तिकीट काढा किंवा तेवढी रक्कम आधी जमा करा, मगच बोटीत बसा. आज व्हिसा अधिकारी रिटर्न तिकीट मागतो तेव्हा चिडू नका, त्यामागे फार जुनी रडकथा आहे.

धर्माचा नियम मात्र या कायद्याच्या कितीतरी आधीचा. हज ज्याला झेपेल त्याच्यावरच फर्ज आहे. झेपणं म्हणजे नुसतं भाडं नाही. परत येईपर्यंत घरच्यांच्या पोटाची सोय हवी, देणी फेडलेली हवीत. निघण्याआधी गावभर फिरून भेटायचं, काही चुकलं असेल तर माफ करा म्हणायचं. काही जण कफनाचं कापड बरोबर न्यायचे. वाटेत मेलात तर लागेल, आणि वाचलात तर झमझमच्या पाण्यात भिजवून परत आणायचं. मला हा यादीतला सगळ्यात वास्तववादी आयटम वाटतो.

परतीचा रस्ता थोडक्यात सांगतो. हज संपला की सगळे एकदम जेद्दाला, बोटी कमी, पुन्हा वाट. मुंबई, मनमाड, पिंगळी. सगळं सुरळीत झालं तर आपला शेतकरी ऑक्टोबरच्या आसपास घरी, रब्बीच्या ज्वारीची पेरणी चाललेली असताना.

पुढे एकेक थांबा गळत गेला. उंटाच्या जागी मोटारी आल्या. १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, १९५९ मध्ये हाली सिक्का बंद झाला. त्याच सुमाराला रिझर्व्ह बँकेने खास हज यात्रेकरूंसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या नोटा काढल्या होत्या, क्रमांकाआधी 'एचए' अक्षरं असलेल्या. मुंबई-जेद्दा बोट १९९५ पर्यंत चालली. मनमाडचा गेज बदलही त्याच दशकात संपला. अलीकडे मराठवाड्यातले यात्रेकरू संभाजीनगरहूनही विमानाने गेलेत. काही तासांत जेद्दा.

एक गोष्ट मात्र उरलीय. निजामाने आपल्या रयतेसाठी मक्केत राहायच्या इमारती घेऊन ठेवल्या होत्या, त्यांना रुबात म्हणतात. तिथली फुकट राहायची सोय अजूनही जुन्या हैदराबाद संस्थानाच्या हद्दीतल्या लोकांसाठी आहे. त्यामुळे पिंगळीच्या माणसाचं नाव तिथल्या सोडतीत जाऊ शकतं आणि शेजारच्या अहिल्यानगरच्या माणसाचं नाही. नकाशावरून ती सरहद्द जाऊन पाऊणशे वर्षं झाली. तुमच्या घरात कुणी अर्ज भरत असेल, तर हे विचारून घ्या.