जालन्याचे बेथेल : आगमनकाळ आणि ईश्वरी दया

ख्रिस्ती उपासनावर्षाचा आरंभ नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी होतो आणि तेथून नाताळापर्यंतच्या दिवसांस आगमनकाळ म्हणतात. त्यामागील लॅटिन शब्द रोमन सम्राटाच्या नगरप्रवेशासही लावीत. येथे ज्याची वाट पाहावयाची तो मात्र गोठ्यात जन्मलेला. शिवाय आगमने दोन मानिली आहेत : एक बेथलेहेमात झालेले, दुसरे न्यायनिवाड्यासाठी व्हावयाचे. न्यायाचे भय आणि जन्माचा आनंद या काळात एकत्र नांदतात ते दयेच्या कल्पनेमुळे. लूकच्या शुभवर्तमानातील पहिल्याच अध्यायात, ख्रिस्तजन्माच्या आधी, मरिया व जखऱ्या यांच्या मुखी जी स्तोत्रे आहेत त्या दोहोंतही दयेचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. तिच्यामागे दोन हिब्रू शब्द उभे आहेत. ‘हेसेद’ म्हणजे दिलेल्या वचनाला जागणे. ‘रहमीम’चा संबंध ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय या शब्दाशी आहे. मराठी ‘दया’ शब्दात वरून खाली पाहण्याची जी छटा आहे, ती या दोहोंत नाही.

हा भेद जालन्याच्या इतिहासात प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याच वर्षी त्यांचा अल्पवयीन बंधू श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला. बाप्तिस्मा होण्यापूर्वीच न्यायालयाने त्यास पित्याच्या स्वाधीन केले. प्रश्न उरला तो जातीत परत घेण्याचा. मिशनऱ्यांच्या घरी अन्नग्रहण केलेल्या मुलास प्रायश्चित्त तरी आहे काय, यावर मुंबई-पुण्यात मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर यांनी शुद्धीचा पक्ष घेतला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एका भावाच्या परतीसाठी प्रायश्चित्ताची मात्रा ठरविली जात होती; दुसऱ्याने ज्या धर्माचा अंगीकार केला होता त्यात क्षमा प्रायश्चित्ताच्या आधीच येऊन ठेपलेली असते. (याला केवळ ख्रिस्ती विशेष समजू नये. पुंडलिकाच्या दारी विटेवर तिष्ठणारा देव महाराष्ट्रास परका नाही.)

पुढे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यातील जालना हे कार्यक्षेत्र केले. सालार जंग यांच्या राजवटीत मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. ‘बेथेल’ म्हणजे देवाचे घर : घरातून पळालेला याकोब उघड्यावर निजला असता जेथे देवच त्याच्यापाशी आला, ते स्थान. येथे आलेल्यांत अस्पृश्य मानलेल्या मांग व महार समाजांतील लोक प्रमुख होते. देवळाच्या पायरीपर्यंतही ज्यांस जाता येत नव्हते, त्यांच्या वस्तीस हे नाव देण्याचा अर्थ उघड आहे. तथापि गावाची व्यवस्था पाद्र्यांच्याच हाती होती. जमीन देणाऱ्याच्या आणि ती कसणाऱ्याच्या संबंधात पुन्हा ती वरून खाली पाहणारी दया शिरते, आणि धर्मांतर पोटासाठी की श्रद्धेसाठी, हा आक्षेपही तेथूनच निघतो. आक्षेप अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु भाकरी आणि मान एकाच दारी मिळत असता त्या माणसांनी दोहोंची फाळणी का करावी, हे आक्षेपकांनी सांगितलेले नाही.

यात एक विसंगती आहे. शेषाद्री ज्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे, त्या परंपरेने १५६० पासूनच नाताळादी सण शास्त्राधाराविना म्हणून त्याज्य ठरविले होते. अर्थात बेथेलला आगमनाचा सिद्धान्त आला तो पंचांगावाचून. स्कॉटिश परंपरेतील मंडळ्या १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात सामील झाल्या, आणि आगमनकाळ पाळणाऱ्या अँग्लिकनांशी त्यांचा संयोग पुढे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात झाला. नागपूर येथे हा संयोग घडला तो २९ नोव्हेंबर १९७० रोजी; त्या वर्षीच्या आगमनकाळाचा तो पहिला रविवार होता.