दत्तविधानाचा दुसरा दिवस

शाळेच्या पटावरील मुलाचे नाव बदलण्याचा प्रसंग आमच्यावर अनेकदा आला आहे. दत्तकाचे कागद दाखल होतात, वरिष्ठांची मंजुरी येते, आम्ही जुन्या नावावर तांबडी रेघ मारून वर नवे नाव लिहितो व सही करतो. कामास पाच मिनिटे पुरतात. परंतु दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना नवे नाव पुकारले, तर मुलगा ‘हजर’ म्हणत नाही. शेजारचा त्याला कोपराने ढोसतो, तेव्हा कोठे त्याच्या ध्यानी येते की हे आपलेच नाव. विधान एका दिवसात उरकते. मूल घरचे होण्यास किती काळ लागतो, ह्याचा विचार मात्र आपल्या परंपरेत फारसा झाला नाही, असे आम्हांस वाटते.

आपल्या ग्रंथकारांनी दत्तकाचा ऊहापोह थोडा केला असे नव्हे. नंद पंडिताची ‘दत्तकमीमांसा’ आणि नीलकंठ भट्टाचा ‘व्यवहारमयूख’ ह्यांत पुत्र कोणी द्यावा, कोणी घ्यावा, कोणता घ्यावा, ह्याची बारकाईने चर्चा आहे. बंगालात विधवेस पतीची अनुज्ञा असल्यावाचून दत्तक घेता येत नसे. महाराष्ट्रात स्पष्ट अनुज्ञेवाचूनही घेता येई. तथापि ह्या साऱ्या चर्चेचा रोख पिंड, वंश आणि वारसा ह्यांवर होता. पुढे संस्थानांच्या राजकारणात तर वारसाच सर्वस्व झाला. साताऱ्याचे १८४८ चे आणि झाशीचे १८५३ चे दत्तविधान डलहौसीने राज्याच्या वारशापुरते अमान्य केले व दोन्ही राज्ये खालसा झाली. १८६२ साली कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या, तेव्हा ती धास्ती सरली.

ह्या पार्श्वभूमीवर बडोद्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. एप्रिल १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले, आणि खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई ह्यांना दत्तक घेण्याची अनुमती मिळाली. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी गायकवाडांची एक शाखा शेती करून राहत होती. तेथून आलेल्या मुलांतून काशीराव गायकवाडांचे चिरंजीव गोपाळराव ह्यांची निवड झाली. येथे कशासाठी आलास, असे विचारले असता आपण राज्य करावयास आलो, असे त्यांनी बेधडक सांगितल्याची आख्यायिका प्रसिद्धच आहे. २७ मे १८७५ रोजी दत्तविधान झाले आणि गोपाळरावांचे सयाजीराव झाले.

आख्यायिका येथे संपते. आमच्या दृष्टीने खरा इतिहास येथे सुरू होतो. बारा वर्षांचा, लिहिण्यावाचण्याशी जवळजवळ अपरिचित असा हा मुलगा एका दिवसात नवे नाव, नवी आई आणि नवे घर घेऊन उभा राहिला. त्याला केवळ गादीवर बसवून भागणार नव्हते. एफ. ए. एच. इलियट ह्यांची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचे अध्ययन सुरू झाले. दिवाण सर टी. माधवराव ह्यांनी राज्यकारभारावर दिलेली व्याख्याने पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. २८ डिसेंबर १८८१ रोजी संपूर्ण अधिकार हाती येईपर्यंत साडेसहा वर्षे गेली. विधीला एक दिवस, वाढीला साडेसहा वर्षे! ज्याने स्वतः बाराव्या वर्षी धुळाक्षरे गिरविली, त्यानेच १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. ह्या दोन गोष्टींचा संबंध कागदोपत्री सिद्ध करता येणार नाही. पण शिक्षकाला तो जाणवल्यावाचून राहत नाही.

कायद्यानेही हीच वाट हळूहळू धरली आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने दत्तहोम आवश्यक नाही असे ठरविले, मुलीलाही दत्तक घेण्याची मुभा दिली, आणि अविवाहित व विधवा स्त्रियांस स्वतःसाठी दत्तक घेण्याचा अधिकार दिला. २०१५ च्या बालन्याय कायद्याखालील व्यवस्थेत तर मूल देण्यापूर्वी समाजसेवक त्या घराची पाहणी करतो, आणि मूल घरी गेल्यावर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, त्याची विचारपूस होते. वंशाला मूल हवे, हा जुना प्रश्न. मुलाला घर हवे, हा नवा. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या पालकांनी आरंभ ह्या दुसऱ्या प्रश्नापासून करावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

आणि शिक्षकबंधूंना एवढेच सांगावयाचे की, पटावरचे नाव बदलले म्हणजे आपले काम संपत नाही. नवे नाव पुकारल्यावर क्षणभर शांतता पसरली, तर घाई करू नये. पुन्हा एकदा, थोड्या मायेने, तेच नाव पुकारावे. एके दिवशी तो मुलगा कोणी न ढोसता ‘हजर’ म्हणतो. दत्तविधान पुरे झाले, असे आम्ही त्या दिवशी समजतो.