बीदरचा वजीर आणि गोव्याचे बेट

कलबुर्गी आणि बीदर या जिल्ह्यांतील माणसाला समुद्र तसा परकाच. ज्वारी आणि तुरीचा हा मुलूख; पश्चिमेचा किनारा येथून कितीतरी दूर आणि मध्ये सह्याद्रीची भिंत उभी. असे असूनही, बहामनी राज्याच्या या दोन राजधान्यांचे बळ एके काळी एका बेटावरील बंदरावर अवलंबून होते. ते बंदर म्हणजे गोवे.

आज गोवा म्हटले की सबंध राज्य डोळ्यांपुढे येते. जुन्या काळचे खलाशी गोवा म्हणत ते तिसवाडीच्या बेटाला व त्यावरील शहराला. बेटाच्या उत्तरेस मांडवी, दक्षिणेस जुवारी आणि पूर्वेस या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा फाटा. नदीच्या आत असल्यामुळे गलबतांना वादळापासून आसरा मिळे, भोवतीच्या पाण्यामुळे शत्रूला अडविता येई, आणि पाणी ओलांडले की घाटावर जाणाऱ्या वाटा सुरू होत. अकराव्या शतकात कदंब राजांची राजधानी गोपकपट्टण ही जुवारीच्या काठी नांदत होती. पुढे व्यापार उत्तरेकडे सरकला आणि मांडवीच्या काठी एला हे बंदर भरभराटीस आले.

या बंदराचा मोह दख्खनच्या राज्यकर्त्यांना पडला तो मुख्यतः घोड्यांमुळे. दख्खनच्या हवेत लढाईच्या उत्तम घोड्यांची पैदास होत नसे. ते इराणी आखातातील होर्मुझहून व अरबस्तानच्या किनाऱ्यावरून गलबतांतून येत. बहामनी सुलतान आणि विजयनगरचे राय ही दोन्ही राज्ये घोडदळावर उभी होती. तेव्हा ज्याच्या हाती बंदर, त्याची पागा भरलेली आणि शत्रूची रिकामी, असा हा सरळ हिशेब होता.

हा हिशेब ज्याला सर्वांत चांगला उमगला तो ख्वाजा महमूद गावान. इराणातील गिलान प्रांताचा हा गृहस्थ १४५३ च्या सुमारास व्यापारी म्हणून दाभोळला उतरला, बीदरला आला आणि पुढे बहामनी राज्याचा वजीर झाला. वजिरी मिळाली तरी व्यापाऱ्याची नजर गेली नाही. कोकणातील दीर्घ मोहिमेच्या शेवटी, १४७२ मध्ये, त्याने विजयनगरच्या ताब्यातून गोवे घेतले. बेळगावच्या राजाने ते परत मिळविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा बहामनी फौजेने बेळगावच जिंकून घाटावरची वाट सुरक्षित केली. बंदर राखायचे तर त्यामागचा रस्ताही राखला पाहिजे, हे त्याने ओळखले होते. त्याच सुमारास बीदरला त्याचा प्रसिद्ध मदरसा उभा राहिला. पण दरबारातील वैऱ्यांनी बनावट पत्र रचले आणि १४८१ मध्ये सुलतानाने या वृद्ध वजिराचा शिरच्छेद करविला. त्यानंतर थोड्याच वर्षांत राज्याची शकले झाली. गोवे विजापूरच्या आदिलशाहीकडे गेले.

१५१० च्या मार्च महिन्यात अल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीने गोवे फारशा लढाईवाचून घेतले. मे महिन्यात विजापूरची फौज बेटावर उतरली आणि पोर्तुगीजांना जहाजांवर पळावे लागले. पण पावसाळा लागला होता. मांडवीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाटा उसळत होत्या आणि बाहेर पडण्याची वाट बंद होती. ऑगस्टपर्यंत ते आरमार नदीतच उपाशी अडकून पडले. २५ नोव्हेंबर रोजी अल्बुकर्कने शहर पुन्हा जिंकले. त्या विजयाला शहरातील मुसलमान रहिवाशांच्या कत्तलीचा कलंक लागला आहे.

१५३० मध्ये गोवे हे पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याचे मुख्य ठाणे झाले. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये येथेच सुरू झाला. १५७९ मध्ये आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने पुढे मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले; ते १६१६ मध्ये रोमन लिपीत छापून निघाले. मराठी वाङ्मयाला लाभलेले हे लेणे मोठेच. पण त्याच राजवटीत देवळे पाडली गेली, अनेक देवता नदीपलीकडे अंत्रुज महालात न्याव्या लागल्या, आणि १५६० पासून धर्मन्यायसभेची दहशत बसली. दोन्ही गोष्टी एकाच शहराच्या आहेत व त्या एकत्रच सांगावयास हव्यात.

हे वैभव टिकले नाही. १५६५ मध्ये विजयनगरचा पाडाव झाला आणि घोड्यांचे मोठे गिऱ्हाईक गेले. डच आरमार नदीचे मुख वारंवार अडवू लागले. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने शेजारचे जुव्याचे बेट घेतले, तेव्हा शहराचा धीर सुटला. परंतु खरा घात झाला तो घरातूनच. जांभ्या दगडाच्या सच्छिद्र जमिनीतून दाट वस्तीची घाण विहिरींत झिरपली आणि साथींमागून साथी आल्या. १६९५ मध्ये व्हाइसरॉयने शहराबाहेर पणेलीला मुक्काम हलविला, १७५९ मध्ये पणजीला. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. १८३५ मध्ये मठ बंद झाले आणि त्यांच्या भिंती ढासळू लागल्या. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा या राजधानीत प्रार्थनामंदिरे तेवढी उभी होती.

जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाचा अर्धा मनोरा आजही उभा आहे. १६९६ च्या स्फोटातून वाचलेला बीदरच्या मदरशाचा एकच मिनार तसाच उभा आहे. एक समुद्राकाठी, दुसरा पठारावर. बंदराला मागील मुलखाचा आधार लागतो आणि मुलखाला बंदराचा, हे महमूद गावानने जाणले होते. शहराला स्वच्छ पाणी लागते, ही त्याहून साधी गोष्ट मात्र गोव्याच्या राज्यकर्त्यांना वेळेवर उमगली नाही. भिंती शत्रूला अडवितात. विहिरीत झिरपणाऱ्या घाणीला त्या अडवू शकत नाहीत.