घाटावरचें पाणी आणि चंद्रावरचें पाणी

खालापूर तालुक्यांत खोपोली येथें सह्याद्रीच्या अंगावरून जाड लोखंडी नळ खालीं उतरलेले आहेत. त्यांतील पाण्यानें वीज होते, एवढें सर्वांस ठाऊक असतें. पण तें पाणी कोणाचें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. इकडे चंद्रावरील बर्फाची मालकी कोणाची, यावर कायदेपंडितांत मोठा खल चाललेला आहे. तो वाचतांना आम्हांस वारंवार खोपोलीची आठवण होते. ज्या वस्तूवर कोणाचें नांव नाहीं ती प्रथम येणारानें कोणत्या अटींवर घ्यावी, हाच दोहोंकडे प्रश्न आहे. आणि आमच्या घाटाखालीं त्याला शंभर वर्षांहून अधिक इतिहास आहे.

पेशवाईंतील इनामाच्या सनदा ज्यांनीं चाळल्या असतील त्यांस त्यांतील एक शब्दमालिका पाठच झालेली असेल. गांव द्यावयाचा तो ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप’ यांसहित द्यावयाचा. म्हणजे पाणी, झाडें, गवत, लांकूड, दगड व भूमींत पुरलेलें धन हीं सर्व देणगींत आलीं. आमच्या मतें या मालिकेहून तिच्या शेजारचे शब्द अधिक महत्त्वाचे आहेत : ‘खेरीज हक्कदार व इनामदार करून’. देणारा सत्ताधीश होता खरा, तरी पूर्वींपासून ज्यांचा हक्क चालत आला त्यांस वगळून जें उरे तें तो देई. व्यवहारांत हें नेहमीं पाळलें जात असे, असा भोळा समज आम्ही करून घेत नाहीं. पण निदान कारकुनाच्या लेखणीस तें लिहिल्यावांचून पुढें जातां येत नसे.

इंग्रजी अमलांत भाषा पालटली. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या ३७ व्या कलमानें नद्या, ओढे, तलाव आणि सर्व सांचलेलें व वाहतें पाणी, जें कोणा व्यक्तीच्या मालकीचें नसेल तें, सरकारचें ठरविलें. रोमन कायदा वाहत्या पाण्यास हवेप्रमाणें सर्वांचें मानी, आणि इंग्रज विद्वानांस तो कायदा अपरिचित नव्हता. पण मुलकी कारभाराला ‘सर्वांचें’ हा शब्द नेहमींच गैरसोयीचा वाटतो. कलमांत व्यक्तींच्या हक्कांस जागा ठेविलेली होती. मात्र हक्क शाबीत करणें हक्क सांगणाराकडे. कर्जत-खालापुरच्या रानांतील कातकरी आणि ठाकूर यांनीं कोणता कागद पुढें करावा ? १८७८ च्या जंगल कायद्यानें रानाची गत तीच केलेली होती.

अशा रीतीनें ज्याला धनी नव्हता त्याला धनी मिळाला, आणि मागावयास आलेल्या कारखानदारास कोणापुढें अर्ज करावा हें कळूं लागलें. घाटमाथ्यावरील पावसाचें पाणी अडवून मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरवावी, ही कल्पना जमशेटजी टाटा यांनीं उचलून धरिली. १९०४ सालीं ते वारले. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी १९१० सालीं स्थापन झाली, १९११ सालीं लोणावळ्यास पायाचा दगड बसला आणि १९१५ सालीं खोपोलीची वीज मुंबईस पोचली. भीमेच्या खोऱ्यांत पडलेला पाऊस लोणावळा, वळवण व शिरोता या तलावांत अडवून तो सुमारें ५०० मीटर खालीं कोंकणांत सोडावयाचा, अशी ही योजना. पुढें १९२२ सालीं कर्जत तालुक्यांतील भिवपुरी येथें आंध्रा नदीचें, आणि १९२७ सालीं दक्षिणेस भिरा येथें मुळशीचें पाणी त्याच रीतीनें उतरलें. स्थापत्याच्या दृष्टीनें हें काम असामान्य होतें, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

पण मुळशीच्या वेळीं ‘खेरीज’ या शब्दाची उणीव उघडी पडली. १९२१ ते १९२४ या काळांत मावळ्यांनीं विनायकराव भुस्कुटे व सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं सत्याग्रह केला. भूसंपादनाचा कायदा जमिनीचा मोबदला जाणतो. नदीकांठीं पिढ्यानपिढ्या राहिल्यामुळें पाण्याशीं जो संबंध जडतो त्याचें मोल ठरविण्यास त्याच्यापाशीं माप नाहीं. सत्याग्रह मोडला, धरण झालें.

घाटाखालीं या गोष्टीस निराळी बाजू आहे, आणि ती पुण्याकडील लेखक बहुधा विसरतात. वीज देऊन मोकळें झालेलें पाणी खोपोलीस पाताळगंगेंत जातें. तिच्या कांठचीं गांवें आणि रसायनीचे कारखाने त्यावर पोसले गेले. भिवपुरीच्या पाण्यानें पेज नदी भर उन्हाळ्यांतहि वाहते, आणि राजनाल्याच्या कालव्यावर कर्जतचा शेतकरी उन्हाळी भात काढतो. भीमाकांठचा मनुष्य ज्यास नुकसान म्हणतो तेंच पेजकांठच्या कुणब्यास वरदान आहे. पाणी तेंच, एका खोऱ्यांतून तें कायमचें गेलें, दुसऱ्यास आयतें मिळालें. शिवाय या दुसऱ्यानेंहि तें कोणाजवळ मागितलें नव्हतें, म्हणून उद्यां तें बंद झाल्यास त्यानें काय दाखवावें, हाहि प्रश्नच आहे.

कृष्णेच्या पाण्याचा तंटा तीन राज्यांत माजला तेव्हां १९६९ सालीं न्या. बचावत यांच्या अध्यक्षतेखालीं लवाद नेमला गेला. त्यानें महाराष्ट्राच्या वांट्यांतून टाटांच्या वीजकेंद्रांसाठीं पश्चिमेकडे किती पाणी न्यावें, हें प्रथमच आंकड्यांनीं बांधून दिलें : कोणत्याहि एका वर्षांत ५४.५ अब्ज घनफूट, आणि लागोपाठच्या पांच वर्षांत मिळून २१२ अब्ज घनफूट, याहून अधिक नाहीं. पांचांनीं गुणून पाहणाऱ्या वाचकाच्या ध्यानांत येईल कीं, दरसाल पहिला आंकडा गांठावयाचा म्हटलें तर दुसरा मोडतो. पावसाळा सारखा नसतो, हें लवादानें जाणलें होतें. वळवणच्या पायाच्या दगडानंतर सुमारें साठ वर्षांनीं हा हिशेब झाला. पण झाला, कारण पाण्याला धनी होता आणि त्या धन्याला न्यायासनापुढें ओढतां येत होतें.

आतां चंद्राकडे वळूं. २००८ सालीं निघालेल्या आपल्या चांद्रयान-१ च्या उपकरणांनीं तेथें पाण्याचा अंश असल्याचें दाखविलें. ध्रुवांजवळच्या, जेथें सूर्य कधींच पोचत नाहीं अशा विवरांत बर्फ आहे, असें शास्त्रज्ञ मानतात. त्यापासून हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे करून अग्निबाणांस इंधन करावें, असा बेत आहे. म्हणजे हें पाणी पाताळगंगेसारखें पुढें कोणास मिळावयाचें नाहीं. जळेल आणि संपेल. आणि सह्याद्रींत धरणास योग्य खिंडी मोजक्याच, तशीं हीं विवरेंहि मोजकींच.

कायदा मात्र येथें १८७९ च्या नेमका उलट आहे. १९६७ च्या अंतराळ कराराचें दुसरें कलम सांगतें कीं, चंद्र व इतर खगोल यांवर कोणत्याहि राष्ट्रास हक्क सांगून, वापर करून वा ठाणें देऊन स्वामित्व मिळवितां येणार नाहीं. १९७९ च्या चंद्रकरारानें तेथील संपत्ति मानवजातीचा सामाईक वारसा ठरविली व तिच्या वाटपाची व्यवस्था पुढें करण्याचें सुचविलें. त्यावर भारतानें १९८२ सालीं सही केली, पण पुढें तो कायम केला नाहीं. अमेरिका, रशिया व चीन यांनीं सहीहि केली नाहीं. मग पळवाट निघाली : विहीर कोणाची नसली तरी पोहऱ्यांत आलेलें पाणी काढणाराचें. अमेरिकेनें २०१५ सालीं, लक्झेंबर्गनें २०१७ सालीं आणि जपाननें २०२१ सालीं आपापल्या नागरिकांस असे कायदे करून दिले. नासा या अमेरिकन संस्थेनें २०२० सालीं चंद्रावरील चिमूटभर माती विकत घेण्याचे करार केले. त्यांतील एका कंपनीनें किंमत लावली एक डॉलर. एवढ्या स्वस्तांत माती नव्हे, वहिवाट विकत घेतली जात होती, असें आम्हांस वाटतें. पोहऱ्याची उपमा चांगली आहे. पण खोपोलीसहि कंपनीनें नदी विकत घेतलेली नव्हती, पाणीच तेवढें उचललें होतें, आणि तंटा त्या उचलण्याचाच झाला.

भारतानें २०२३ च्या जून महिन्यांत अमेरिकेच्या आर्टेमिस करारनाम्यावर सही केली. अशा तऱ्हेनें संपत्ति काढल्यानें १९६७ च्या कराराचा भंग आपोआप होत नाहीं, असें त्यांत म्हटलें आहे. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय अंतराळ धोरणानें खाजगी संस्थांस लघुग्रहांवरील व अंतराळांतील संपत्ति काढून ती जवळ बाळगण्याची, तिचे मालक होण्याची, ती वाहून नेण्याची, वापरण्याची व विकण्याची मुभा दिली आहे. जल, तरु, तृणाचीच ही नवी मालिका. तिच्या शेवटीं, भारतानें पत्करलेल्या आंतरराष्ट्रीय जबाबदाऱ्यांस धरून, असे शब्द आहेत. सनदेंतील ‘खेरीज’ची जागा त्यांनीं घ्यावयाची आहे. १९६७ च्या कराराच्या पहिल्या कलमाप्रमाणें तेथला हक्कदार म्हणजे सर्व देश, अग्निबाण नसलेलेहि. पण त्यांच्या वतीनें ५४.५ चा आंकडा घालून देईल असें न्यायासन कोणत्याहि करारानें निर्माण केलेलें नाहीं.