चुंबकीय अनुस्पंदन संशोधन, मुंबई

चुंबकीय अनुस्पंदन संशोधन, मुंबई : एमआरआय तपासणी ज्या भौतिकीवर उभी आहे ती भारतात ज्या मोजक्या केंद्रांत रुजली, त्यांत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) अग्रणी आहे.

तत्त्व : शरीरातील पाण्यात व मेदात हायड्रोजन मुबलक असतो. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात त्याची अणुकेंद्रे ठरावीक कंप्रतेच्या रेडिओ तरंगांना प्रतिसाद देतात; यालाच चुंबकीय अनुस्पंदन म्हणतात. १.५ टेस्ला क्षेत्रात ही कंप्रता सुमारे ६४ मेगाहर्ट्झ असते. तरंग थांबल्यावर अणुकेंद्रे पूर्वस्थितीत येतात. त्या वेळी मिळणारा संकेत ऊतकागणिक बदलतो, म्हणून मेंदूतील सूज किंवा मणक्यातील सरकलेली चकती क्ष-किरणांविना दिसते.

इतिहास : फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांच्या गटांनी १९४६ मध्ये हे अनुस्पंदन स्वतंत्रपणे नोंदवले. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात आर्नल्ड, एस. एस. धर्मट्टी व पॅकार्ड यांनी साध्या इथिल अल्कोहोलचा संकेत तपासला. एकाच्या जागी तीन शिखरे मिळाली आणि त्यांची क्षेत्रफळे ३:२:१ या प्रमाणात भरली. रेणूतील तीन गटांमधल्या हायड्रोजन अणूंची संख्याही नेमकी तेवढीच असते. १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने अनुस्पंदन हे रसायनशास्त्राचे हत्यार बनले.

धर्मट्टी यांनी टीआयएफआरमध्ये येऊन या विषयाचा संशोधन गट उभारला. पुढील काळात तेथे गिरिजेश गोविल, रामकृष्ण होसूर यांनी जैवरेणूंच्या रचनेवर काम केले. तेथेच घडलेले सी. एल. खेत्रपाल यांनी नंतर लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेच्या परिसरात जैववैद्यकीय चुंबकीय अनुस्पंदन केंद्र उभारले. दरम्यान, १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी पाण्याच्या दोन नळ्यांची प्रतिमा मिळवून प्रतिमांकनाची वाट खुली केली होती.

स्वदेशी यंत्र : टीआयएफआरमधील सूक्ष्मतरंग विभागातूनच ‘समीर’ ही संस्था १९८४ मध्ये स्वतंत्र झाली. पवईच्या आयआयटी परिसरातील या संस्थेच्या नेतृत्वाखाली १.५ टेस्लाचे भारतीय एमआरआय यंत्र विकसित होत आहे. त्याच्या अतिसंवाहक चुंबकाचे काम दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राकडे आहे. यंत्राच्या चाचण्यांसाठी २०२५ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’शी करार झाला.

महत्त्व : देशातील बहुतेक एमआरआय यंत्रे आयात केलेली आहेत. परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्राची किंमत, चुंबक थंड ठेवणाऱ्या हीलियमचा पुरवठा आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ हे तिन्ही प्रश्न एकदम उभे राहतात. म्हणून स्वदेशी यंत्राची खरी कसोटी महानगरांत नव्हे, तर जिल्हा रुग्णालयांत लागणार आहे.