मांजराचा चेहरा वाचताना

कुत्र्याच्या पायात काटा घुसला की तो केकाटतो, लंगडतो. मांजराचे तसे नाही. दुखत असलेले मांजर पलंगाखाली जाऊन बसते, खाणे टाकते, अंग चाटणे सोडते; आणि आपण म्हणतो, आज आळसावले आहे! हे दुखणे ओळखण्याची एक रीत आपल्याला मिळाली ती तान्ह्या बाळांच्या चेहऱ्यांवरून.

सतराव्या शतकात रेने देकार्तने प्राण्यांची शरीरे यंत्रांसारखी चालतात असे मांडले. त्याच्या काही अनुयायांनी तर प्राण्यांना वेदनाच नसतात, असे ठरवून टाकले. उलट डार्विनने १८७२ साली माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावदर्शनावर एकत्र पुस्तक लिहिले. पण वेदना मोजायची कशी? १९७९ साली वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात वेदनेच्या 'वर्णना'चा उल्लेख होता. मग ज्याला बोलताच येत नाही, त्याचे काय?

कॅनडात रूथ ग्रुनाऊ आणि केनेथ क्रेग यांनी नवजात बाळांच्या टाचेतून रक्त घेताना त्यांच्या चेहऱ्यांचे चित्रीकरण केले. भुवया, डोळे, तोंड कसे आक्रसते याच्या नोंदी त्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केल्या. हेच क्रेग पुढे मॅकगिल विद्यापीठातल्या जेफ्री मोगिल यांच्या गटाबरोबर उंदरांच्या अभ्यासात सहभागी झाले. डोळे, नाक, गाल, कान आणि मिशा पाहून उंदराच्या वेदनेला गुण देण्याची त्यांची पद्धत २०१० साली प्रसिद्ध झाली. मॉर्फिन दिल्यावर हे गुण उतरत. आमच्या मते पद्धतीची खरी कसोटी हीच.

२०१९ साली मॉन्ट्रियल विद्यापीठात मांजरांसाठी अशीच मोजपट्टी तयार झाली. कान बाहेर वळलेले, डोळे बारीक केलेले, तोंडाभोवतीचे स्नायू ताणलेले, मिशा सरळ ताठ, डोके खांद्यांच्या रेषेखाली. प्रत्येक खुणेला ०, १ किंवा २ गुण. १० पैकी ४ किंवा अधिक झाले, तर वेदनाशामकाचा विचार करायचा. झोपलेल्या किंवा खात असलेल्या मांजराला मात्र गुण देत नाहीत. आणि घुरघुरण्यावर विसंबू नये. दुखणारे मांजरही घुरघुरते.

२०२० साली संघटनेने व्याख्या सुधारली. बोलता येत नाही म्हणून माणसाला किंवा प्राण्याला वेदना होत नाही असे ठरत नाही, हे तिच्या टिपांत स्पष्ट नोंदवले गेले.

वेदनाशामक मात्र पशुवैद्यानेच द्यायचे. आपल्या घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विषारी ठरते. तिचा निचरा करणारी यकृतातली यंत्रणा मांजरात फारच दुबळी असते.